गेटवे, औद्योगिक संदेशवहनातील

कारखाने, वीज उपकेंद्रे, जलशुद्धीकरण केंद्रे इ. ठिकाणी भिन्न प्रोटोकॉलांनुसार काम करणाऱ्या उपकरणांमध्ये माहितीची देवाणघेवाण घडवून आणणारे इलेक्ट्रॉनीय साधन. दोन उपकरणांनी परस्परांशी संदेशांची देवघेव करताना विद्युत् पातळी कोणती वापरावी, संदेश कोणत्या वेगाने पाठवावा, त्याचा आरंभ व शेवट कसा ओळखावा आणि त्यातील आकड्यांचा अर्थ कसा लावावा, यांविषयीच्या नियमांच्या संचाला प्रोटोकॉल म्हणतात. गेटवे हा या अर्थाने दुभाष्या होय. परंतु ही उपमा एका मर्यादेपर्यंतच लागू पडते. दुभाष्या ऐकलेले वाक्य लगेच दुसऱ्या भाषेत सांगतो. पुष्कळसे औद्योगिक गेटवे मात्र आपण होऊन एका बाजूच्या उपकरणांना ठराविक काळाने प्रश्न विचारतात, आलेली उत्तरे आपल्या स्मृतीत साठवून ठेवतात आणि दुसऱ्या बाजूने मागणी आली की त्या साठ्यातून ती पुरवितात. कोणाला, काय, किती वेळाने विचारावयाचे व उत्तर न आल्यास काय करावयाचे, हे गेटवेला स्वतःहून कळणे शक्य नसते. ते योजकाने आधी ठरवून त्याच्या स्मृतीत भरावे लागते. या कामास आज्ञांची मांडणी म्हणतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः या मांडणीचा विचार केला असून विवेचनासाठी मॉडबस हा अतिशय प्रचारात असलेला प्रोटोकॉल घेतला आहे.

पूर्वपीठिका : इलेक्ट्रॉनीय संदेशवहन रूढ होण्यापूर्वी दाब, तापमान, पातळी इ. राशींची मापे ४ ते २० मिलिअँपिअर या मर्यादेतील विद्युत् प्रवाहाच्या रूपाने नियंत्रण कक्षापर्यंत नेण्यात येत. (ही पद्धत आजही प्रचारात आहे, प्रवाह शून्य झाला तर तार तुटली हे तत्काळ कळते, हा तिचा मोठा गुण होय.) परंतु तीत प्रत्येक मापासाठी तारांची स्वतंत्र जोडी लागते. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील मॉडिकॉन या कंपनीने प्रोग्रॅम बदलता येण्याजोगा तर्कनियंत्रक, म्हणजे पीएलसी, बाजारात आणला आणि १९७९ मध्ये अशा नियंत्रकांना परस्परांशी व इतर उपकरणांशी बोलता यावे म्हणून मॉडबस हा प्रोटोकॉल प्रसिद्ध केला. तो साधा होता, त्याचे नियम सर्वांना खुले होते आणि तो वापरण्यासाठी शुल्क द्यावे लागत नसे. चार दशकांहून अधिक काळ तो टिकून राहण्यामागे त्याच्या तांत्रिक गुणांपेक्षा या खुलेपणाचाच वाटा अधिक असावा. १९८३ मध्ये मानक म्हणून पुढे आलेल्या आरएस-४८५ या विद्युत् पद्धतीमुळे तारांच्या एकाच जोडीवर सु. १,२०० मी. अंतरापर्यंत ३२ प्रमाण उपकरणे जोडणे शक्य झाले आणि मॉडबसचा प्रसार वाढला.

त्यानंतरच्या काळात प्रोटोकॉलांची संख्या झपाट्याने वाढली. मोटारगाड्यांसाठी बॉश कंपनीने १९८६ मध्ये कॅन ही पद्धत मांडली. जर्मनीत १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात प्रोफिबस तयार झाला. वीजवितरणासाठी १९९३ मध्ये डीएनपी-३ व इमारतींतील वातानुकूलनादी यंत्रणांसाठी १९९५ मध्ये बॅकनेट पुढे आले. या सर्वांच्या जागी एकच मानक असावे, असा प्रयत्न आंतरराष्ट्रीय विद्युत् तंत्रविद्या आयोगाने दीर्घकाळ केला. त्याची परिणती आयईसी ६११५८ या मानकात झाली. पण २००० च्या सुमारास ते मानक संमत झाले, तेव्हा त्यात परस्परांशी न जुळणारे आठ प्रकार शेजारी शेजारी नांदत होते. एकच भाषा ठरविण्यासाठी बसलेल्या समितीने आठ भाषांना मान्यता दिल्यावर दुभाष्याची गरज संपण्याऐवजी कायम झाली.

या गरजेचे दुसरे कारण म्हणजे उपकरणांच्या आयुर्मानातील तफावत. बाष्पित्र, जनित्र किंवा रोहित्र वीस-तीस वर्षे सहज चालते. त्यावर देखरेख करणारी संगणकीय यंत्रणा त्याआधीच कालबाह्य ठरते. जुने पण सुस्थितीत असलेले यंत्र केवळ त्याची भाषा जुनी झाली म्हणून काढून टाकणे परवडत नाही. भारतातील वीजप्रणालीत हे चांगले दिसून येते. वीजनिर्मिती केंद्रांच्या आवारातील मीटर व इतर उपकरणे पुष्कळदा मॉडबस वापरतात. परंतु भार प्रेषण केंद्रांकडे माहिती पाठवावयाची ती आयईसी ६०८७०-५-१०१ किंवा तिच्या जाळ्यावरील १०४ या प्रोटोकॉलांनुसार. महाराष्ट्राचे राज्य भार प्रेषण केंद्र नवी मुंबईतील ऐरोली येथे आहे. एखाद्या सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती केंद्रातील मीटरचा आकडा अशा केंद्राच्या पडद्यावर उमटतो, तेव्हा वाटेत कोठे तरी भाषांतर झालेले असते.

प्रकार : गेटवेचे ढोबळ मानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात गेटवे पारदर्शक असतो. जाळ्यावरून आलेला प्रश्न तो जसाच्या तसा तारेवरील उपकरणाकडे पोहोचवितो आणि उत्तर परत नेतो. दोन्ही बाजूंना मॉडबसच असून केवळ वाहक बदलत असेल, तर हा प्रकार पुरतो. त्यात आज्ञांची मांडणी करावी लागत नाही. मात्र अनेक संगणक एकाच वेळी प्रश्न विचारू लागले की ते सर्व एका तारेपुढे रांगेत उभे राहतात आणि मागच्यांना उत्तर मिळण्यास विलंब लागतो. दुसऱ्या प्रकारातील गेटवे वर वर्णन केल्याप्रमाणे स्वतःची स्मृती बाळगतो. दोन्ही बाजूंचे प्रोटोकॉल मुळातच भिन्न स्वरूपाचे असतील, तर हाच प्रकार वापरावा लागतो. पुढील विवेचन त्याविषयी आहे.

मॉडबस संदेशाची रचना : मॉडबसमध्ये तारेवर प्रश्न विचारण्याचा अधिकार एकाच उपकरणाला असतो. त्याला पूर्वी मास्टर व उत्तर देणाऱ्यांना स्लेव्ह म्हणत. मॉडबसच्या संघटनेने २०२० मध्ये या संज्ञांऐवजी क्लायंट व सर्व्हर या संज्ञा स्वीकारल्या. तरीही जुनी माहितीपत्रके व गेटवेच्या पडद्यावरील रकाने यांत जुन्या संज्ञा अद्याप आढळतात. प्रत्येक स्लेव्हला १ ते २४७ यांपैकी एक क्रमांक असतो. शून्य हा क्रमांक सर्वांना उद्देशून असलेल्या संदेशासाठी राखलेला असून त्याला कोणीही उत्तर देत नाही.

माहिती चार कोष्टकांत विभागलेली असते : वाचता व लिहिता येणारे एकेरी बिट, केवळ वाचता येणारे एकेरी बिट, केवळ वाचता येणारी सोळा बिटांची रजिस्टरे आणि वाचता व लिहिता येणारी सोळा बिटांची रजिस्टरे. कोणत्या कोष्टकावर कोणती क्रिया करावयाची हे कार्यसंकेतांकावरून ठरते. १ ते ४ हे संकेतांक वाचनाचे असून ३ हा लेखनक्षम रजिस्टरे व ४ हा केवळ वाचनीय रजिस्टरे वाचण्यासाठी आहे. ५ व ६ हे एकच बिट वा एकच रजिस्टर लिहिण्यासाठी, तर १५ व १६ हे अनेक बिट वा रजिस्टरे एकदम लिहिण्यासाठी वापरतात. एका प्रश्नात जास्तीत जास्त १२५ रजिस्टरे वाचता येतात व १२३ लिहिता येतात.

तारेवरील द्विमान रूपात प्रश्न आठ बाइटांचा असतो. त्यात स्लेव्हचा क्रमांक व कार्यसंकेतांक प्रत्येकी एक बाइट, आरंभीचा पत्ता, रजिस्टरांची संख्या व सीआरसी हा त्रुटी तपासण्याचा अंक प्रत्येकी दोन बाइट, असे घटक असतात. संदेश संपल्याची खूण म्हणून कोणतेही विशेष चिन्ह नसते. साडेतीन अक्षरांना लागणाऱ्या काळाइतकी शांतता हीच ती खूण. १९९९ मध्ये मॉडबस संगणकीय जाळ्यांवर आणण्यात आला. त्या रूपात सीआरसी वगळून संदेशाच्या आरंभी सात बाइटांचे शीर्ष जोडतात आणि त्यात प्रत्येक प्रश्नाचा व्यवहार-क्रमांक असतो. तारेवरील रूपात असा क्रमांक नाही, ही बाब पुढे महत्त्वाची ठरते.

आज्ञेचे घटक : गेटवेमधील एका आज्ञेत सामान्यतः स्लेव्हचा क्रमांक, कार्यसंकेतांक, आरंभीचा पत्ता, संख्या, उत्तर गेटवेच्या स्मृतीत कोठे ठेवावयाचे ते स्थान, प्रश्न केव्हा विचारावयाचा ती अट आणि संपर्क तुटल्यास करावयाची कृती यांचा समावेश असतो. उत्तराची वाट किती काळ पहावयाची व प्रश्न किती वेळा पुन्हा विचारावयाचा, हे काही गेटवेंमध्ये प्रत्येक आज्ञेसाठी, तर काहींमध्ये संपूर्ण तारेसाठी एकदाच ठरवितात. तारेवरील सर्व उपकरणांचा वेग, समता बिट व विराम बिट एकच असावे लागतात. मानकानुसार सम समता बिट हा मूळ संकेत आहे व समता बिट नसेल तेव्हा दोन विराम बिट अपेक्षित आहेत. प्रत्यक्षात समता बिटाशिवाय एकच विराम बिट वापरणारी उपकरणे फार मोठ्या संख्येने आढळतात.

या घटकांपैकी सर्वाधिक घोटाळा आरंभीच्या पत्त्यावरून होतो. मॉडिकॉनच्या जुन्या प्रघातानुसार लेखनक्षम रजिस्टरांचे क्रमांक ४०००१ पासून सुरू होतात. यातील पहिला ४ हा केवळ कोष्टकाची ओळख पटविणारा अंक असून संदेशात तो जात नाही. शिवाय मोजणी कागदावर एकपासून व संदेशात शून्यापासून होते. त्यामुळे माहितीपत्रकातील ४०१०१ हे रजिस्टर संदेशात १०० या पत्त्याने ओळखले जाते. काही निर्माते कागदावरच शून्यापासूनचा पत्ता देतात, काही तो षोडशमान पद्धतीत देतात, तर काही गेटवे वापरणाऱ्याने भरलेल्या आकड्यातून स्वतःच एक वजा करतात. या सर्वांचा परिणाम म्हणजे शेजारचे रजिस्टर वाचले जाणे. उत्तर न येण्यापेक्षा हा दोष वाईट, कारण एका कलेच्या दाबाऐवजी दुसऱ्या कलेचा दाब आला तर तो २३० च्या आसपासच असतो आणि पाहणाऱ्याला शंका येण्याचे कारण उरत नाही. यावर उपाय एकच : ज्याचे मूल्य आधीपासून निश्चित माहीत आहे असे रजिस्टर, उदा., उपकरणाचा अनुक्रमांक, प्रथम वाचून पत्त्यांचा मेळ बसवून घेणे.

काळाचे गणित : आज्ञा किती वेळाने पाठवावी हे अनेकदा अंदाजाने भरले जाते. वास्तविक हे गणित सोपे आहे. प्रतिसेकंद ९,६०० बिट या वेगाला अकरा बिटांच्या एका अक्षरास सु. १·१५ मिलिसेकंद लागतात. दहा रजिस्टरे वाचावयाची असल्यास प्रश्न ८ व उत्तर २५, अशी ३३ अक्षरे होतात, त्यांस सु. ३८ मिलिसेकंद, दोन शांततांना सु. ८ मिलिसेकंद व उपकरणाला विचार करण्यास समजा २० मिलिसेकंद, असे एकूण ६६ मिलिसेकंद लागतात. वीस मीटर असल्यास एक फेरी १·३ सेकंदांत पुरी होते. आज्ञेच्या रकान्यात अर्धा सेकंद लिहिला म्हणून ती अर्ध्या सेकंदात होणार नाही. गेटवे अशा वेळी तक्रार करीत नाही. फक्त आकडे अपेक्षेपेक्षा शिळे असतात.

तीच दहा रजिस्टरे दहा स्वतंत्र आज्ञांनी वाचल्यास प्रत्येकीस सु. ४५ व एकूण ४५० मिलिसेकंद लागतात. म्हणून लगतची रजिस्टरे एका आज्ञेत एकत्र घेणे हा मांडणीचा पहिला नियम मानतात. त्यास अपवाद आहे. काही उपकरणांत दोन उपयुक्त रजिस्टरांच्या मध्ये अस्तित्वात नसलेले पत्ते असतात. त्यांना स्पर्श करणारा प्रश्न उपकरण संपूर्ण नाकारते. अशा ठिकाणी आज्ञा तोडावी लागते. मात्र ती कोठे तोडावी याचाही विवेक हवा. ३२ बिटांचा आकडा दोन रजिस्टरांत विभागलेला असतो. तो ६५,५३५ वरून ६५,५३६ वर जाताना वरचे रजिस्टर ० चे १ व खालचे ६५,५३५ चे ० होते. दोन्ही रजिस्टरे वेगवेगळ्या आज्ञांनी वाचली आणि बदल नेमका मध्ये घडला, तर हाती येणारा आकडा ० तरी असतो किंवा १,३१,०७१ तरी. असा दोष वर्षातून एखाद्या वेळी दिसतो आणि शोधू गेल्यास सापडत नाही.

बंद पडलेले उपकरण हा या गणितातील खरा शत्रू होय. उत्तराची वाट पाहण्याचा काळ एक सेकंद व पुनःप्रयत्न तीन ठेवले, तर एका मृत मीटरपायी प्रत्येक फेरीत चार सेकंद वाया जातात. १·३ सेकंदाची फेरी सु. ५·२५ सेकंदांची होते आणि उरलेले एकोणीस सुस्थितीतील मीटरही मागे पडतात. वाट पाहण्याचा काळ फार कमी करणे हाही उपाय नव्हे. उपकरणाने उशिरा दिलेले उत्तर पुढचा प्रश्न निघून गेल्यावर पोहोचले आणि तो प्रश्नही त्याच उपकरणाला, त्याच संकेतांकाने, तितकीच रजिस्टरे मागणारा असला, तर व्यवहार-क्रमांकाच्या अभावी पहिल्याचे उत्तर दुसऱ्याच्या नावावर जमा होण्याचा संभव असतो. निर्मात्याने दिलेल्या कमाल प्रतिसादकाळाहून थोडा अधिक काळ ठेवावा, पुनःप्रयत्न एक किंवा दोन असावेत व अनेक फेऱ्यांत उत्तर न देणाऱ्या उपकरणाला काही काळ वगळण्याची सोय गेटवेत असेल तर ती वापरावी, हे सर्वसाधारणपणे हितावह ठरते.

बाइटांचा क्रम : एका रजिस्टरातील दोन बाइटांपैकी वरचा आधी पाठवावा, हे मॉडबसच्या नियमांत स्पष्ट आहे. परंतु ३२ बिटांचा आकडा दोन रजिस्टरांत कोणत्या क्रमाने ठेवावा, याविषयी नियम मूक आहेत आणि प्रत्येक निर्मात्याने आपापला मार्ग पत्करला आहे. म्हणून आज्ञेत बाइट वा रजिस्टरे यांची अदलाबदल करण्याचा पर्याय ठेवलेला असतो. २३० हा आकडा अपूर्णांकक्षम अशा ३२ बिटी प्रमाणरूपात मांडल्यास त्याची दोन रजिस्टरे षोडशमान पद्धतीत ४३६६ व ०००० अशी होतात. रजिस्टरांची अदलाबदल झाली तर वाचणाऱ्याला १० चा उणे एक्केचाळिसावा घात या श्रेणीतील, म्हणजे व्यवहारात शून्यच, आकडा दिसतो. रजिस्टरांतर्गत बाइट उलटले तर सु. २·३ × १०<sup>२३</sup> इतका प्रचंड आकडा मिळतो. (येथे २३० चीच आठवण करून देणारे अंक यावेत हा निव्वळ योगायोग.) दोन्ही चुका डोळ्यांत भरणाऱ्या असल्याने त्या लवकर दुरुस्त होतात. पटावरील मूल्य २,३०५ आले असता ते २३०·५ समजावयाचे की २,३०५, हा गुणकाचा प्रश्न मात्र माहितीपत्रक पाहिल्याशिवाय सुटत नाही.

लेखनाच्या आज्ञा : वाचनाची आज्ञा चुकली तर माणसाची दिशाभूल होते, लेखनाची चुकली तर यंत्र हलते. म्हणून लेखनाच्या प्रत्येक आज्ञेबाबत ती केव्हा पाठवावी हे काळजीपूर्वक ठरवावे लागते. ठराविक काळाने पुनःपुन्हा पाठविणे आणि मूल्य बदलले तरच पाठविणे, हे दोन मुख्य पर्याय होत. पहिल्यात उपकरणाची वीज जाऊन आली तरी त्याला योग्य मूल्य पुन्हा मिळते. परंतु काही उपकरणे लिहिलेला प्रत्येक आकडा वीज गेल्यावरही टिकणाऱ्या स्मृतीत नोंदवितात आणि अशा स्मृतीची लेखनक्षमता मर्यादित असते. ती एक लाख लेखनांची आहे असे मानल्यास दर सेकंदास एक याप्रमाणे ती अवघ्या २८ तासांत संपते. दुसऱ्या पर्यायात हा धोका नाही. पण उपकरण पुन्हा सुरू होऊन आपल्या मूळ मूल्यावर गेले, तर गेटवेच्या दृष्टीने काहीच बदललेले नसल्यामुळे तो गप्प राहतो. पंप पहाटे पुन्हा सुरू होऊन भलत्याच वेगाने चालत राहण्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

गेटवे स्वतः सुरू होतानाचा क्षणही जोखमीचा असतो. त्या वेळी त्याची स्मृती रिकामी, म्हणजे शून्यांनी भरलेली असते. पीएलसीशी संपर्क प्रस्थापित होण्यापूर्वीच लेखनाच्या आज्ञा सुटल्या, तर प्रत्येक झडपेला, प्रत्येक चलित्राच्या वेगनियंत्रकाला शून्य लिहिले जाते. चलित्र थांबणे बहुधा सुरक्षित असते. शीतजलाची झडप बंद होणे तसे नसते. तेव्हा दुसऱ्या बाजूचा संपर्क जुळेपर्यंत लेखन रोखून धरण्याची सोय गेटवेत आहे की नाही, हे तो विकत घेण्यापूर्वीच पाहिलेले बरे.

संपर्क तुटल्यावर : उपकरण उत्तर देईनासे झाले म्हणजे स्मृतीतील त्याच्या जागेचे काय करावयाचे, यासाठी आज्ञेत साधारणपणे तीन पर्याय असतात. शेवटचे मूल्य तसेच ठेवणे, ते शून्य करणे किंवा योजकाने दिलेले विशिष्ट मूल्य भरणे. अनेकदा हा रकाना मुळातल्याप्रमाणेच सोडून दिला जातो आणि मुळात पुष्कळदा शेवटचे मूल्य ठेवण्याचा पर्याय निवडलेला असतो. पाण्याच्या टाकीचे उदाहरण घेऊ. पातळीमापकाची तार तुटली त्या वेळी टाकी अर्धी भरलेली होती. पडद्यावर पातळी पन्नास टक्केच दिसत राहते, पंप चालू राहतो आणि टाकी वाहू लागते. शून्याचा पर्याय निवडला असता तर परिस्थिती सुधारली नसती. टाकी रिकामी समजून पंप आणखी नेटाने चालला असता. येथे १०० टक्क्यांचे विशिष्ट मूल्य भरणे योग्य, कारण त्यायोगे पंप थांबतो. उलट त्याच टाकीतून पाणी उपसणाऱ्या दुसऱ्या पंपाला कोरडे चालण्यापासून वाचवावयाचे असेल, तर शून्य हेच सुरक्षित मूल्य ठरते. एकाच मापासाठी दोन सुरक्षित मूल्ये परस्परविरुद्ध असू शकतात. ही अडचण गेटवेच्या रकान्यात सोडविता येत नाही. प्रत्येक आज्ञेच्या यशापयशाचा बिट गेटवेकडून पीएलसीकडे नेऊन तेथील प्रोग्रॅममध्ये निर्णय घ्यावा लागतो. त्यासाठी स्मृतीत जागा राखावी लागते आणि ती अमर्याद नसते. उदा., प्रोफिबसवर एका उपकरणाला प्रत्येक दिशेने जास्तीत जास्त २४४ बाइट मिळतात. तरीही मापांपैकी एखादे गाळून स्थितीचा बिट ठेवावा. स्थितीचा बिट गाळून माप ठेवू नये.

दोषशोधन : उपकरणाने प्रश्न समजून नाकारला, तर ते कार्यसंकेतांकात १२८ मिळवून उत्तर देते आणि सोबत कारणाचा अंक पाठविते. १ म्हणजे ही क्रिया उपकरणाला ठाऊक नाही, २ म्हणजे पत्ता अस्तित्वात नाही, ३ म्हणजे मूल्य ग्राह्य नाही. ११ हा अंक गेटवे स्वतः देतो व त्याचा अर्थ तारेवरील उपकरणाने उत्तर दिले नाही असा होतो. नकार ही एका परीने शुभवार्ता होय : तार, वेग व क्रमांक बरोबर आहेत, चूक केवळ आज्ञेत आहे. पूर्ण शांतता असेल तर दोष बहुधा तारेकडे किंवा वेग व समता बिटाकडे असतो. दोन तारांची अदलाबदल हे सर्वांत सामान्य कारण. सीआरसीचा मेळ न बसणे हे विद्युत् गोंगाटाचे, तारेच्या दोन टोकांस १२० ओहमचे रोधक नसल्याचे किंवा एकच क्रमांक दोन उपकरणांना दिला गेल्याचे लक्षण असते. यांपैकी शेवटचा प्रकार एकेक उपकरण तारेवरून सोडवूनच उघडकीस येतो.

सुरक्षितता : मॉडबसमध्ये प्रश्न विचारणाऱ्याची ओळख पटविण्याची कोणतीही तरतूद मुळात नव्हती. चार भिंतींच्या आतील तारेपुरते ते चालून जाई. गेटवेने ही तार जाळ्याला जोडल्यामुळे जाळ्यावरून कोणीही पाठविलेली लेखनाची आज्ञा यंत्रापर्यंत पोहोचू लागली. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधील तीन वीजवितरण कंपन्यांवर झालेल्या सायबर हल्ल्यात सु. २,२५,००० ग्राहकांची वीज काही तास गेली. हल्लेखोरांनी उपकेंद्रांतील मंडलखंडक दुरून उघडले आणि त्यानंतर तारेवरील संदेशांचे जाळ्यावरील संदेशांत रूपांतर करणाऱ्या साधनांतील मूळ प्रणाली खरडून टाकली. परिणामी ती साधने निरुपयोगी झाली, नियंत्रण कक्षातून उपकेंद्रांना आज्ञा देणे अशक्य झाले आणि कर्मचाऱ्यांना प्रत्यक्ष जागेवर जाऊन हातांनी मंडलखंडक मिटवावे लागले. जानेवारी २०२४ मध्ये त्याच देशातील ल्विव्ह शहरात उष्णतापुरवठ्याच्या नियंत्रकांना मॉडबसच्याच आज्ञा पाठवून ६०० हून अधिक निवासी इमारतींचा पुरवठा ऐन हिवाळ्यात सु. दोन दिवस खंडित करण्यात आला. यांत मॉडबसचा कोणताही नियम मोडलेला नव्हता. नियंत्रकांनी आलेल्या आज्ञा निमूटपणे पाळल्या.

म्हणून गेटवे बसविताना त्याचा कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द बदलणे, मॉडबससाठी राखलेले ५०२ क्रमांकाचे द्वार इंटरनेटवर उघडे न ठेवणे, ठराविक संगणकांनाच प्रवेश देणे आणि केवळ वाचनच अपेक्षित असेल तेथे लेखनाच्या सर्व आज्ञा काढून टाकणे आवश्यक मानतात. मॉडबसच्या संघटनेने २०१८ मध्ये संदेश कूटबद्ध करणारी व दोन्ही पक्षांची ओळख पटविणारी सुधारित पद्धत प्रसिद्ध केली असून तिच्यासाठी ८०२ हे द्वार राखले आहे. तिचा उपयोग गेटवेच्या जाळ्याकडील बाजूपुरताच होतो. तारेकडील बाजूस १९७९ चीच आठ बाइटांची उघडी आज्ञा अजूनही जात असते.